वीणा कुणाच्या हाती? : मराठवाड्यातील दोन सप्ताहांचा विचार

खेड्यातील कलाजीवनाविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, ते साधारणपणे दोन प्रकारचे आहे. एका प्रकारात गोंधळ, भारूड, दंडार, वासुदेव यांची वर्णने येतात आणि या कला आता लोप पावत चालल्या आहेत, अशी खंत शेवटी व्यक्त होते. दुसऱ्या प्रकारात खेडे हे केवळ कथा-कादंबरीचे कच्चे द्रव्य असते. पण गाव वर्षातून एकदा-दोनदा सलग काही दिवस एकत्र बसते, गाते, ऐकते, जेवते आणि त्यातून आपली रचना स्वतःलाच दाखवते, त्या प्रयोगाची समीक्षा सहसा कुणी करीत नाही. सप्ताह हा असा प्रयोग आहे. त्याला धर्मकार्य म्हणून हात जोडले जातात किंवा अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकले जाते. कलेचा एक आकृतिबंध म्हणून त्याला प्रश्न विचारले जात नाहीत. ते विचारले पाहिजेत, कारण दलित माणसाला गावाने जी जागा दिली, ती कायद्याच्या पुस्तकातून दिली नव्हती. ती रोजच्या वागणुकीतून आणि अशा उत्सवांतून दिली होती.

या विचारासाठी मी हिंगोली जिल्ह्यातील एक पट्टा समोर ठेवतो. सेनगाव तालुक्यातील पुसेगाव, त्याच परिसरातील नर्सी आणि दक्षिणेकडचे औंढा नागनाथ. पुसेगाव म्हटले की बाकीच्या महाराष्ट्राला सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव आठवते. हे ते नव्हे. हा भाग १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. कयाधूकाठची नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. औंढ्याला नामदेवांना विसोबा खेचर भेटले, अशी परंपरा आहे. याच भागात बंजारा तांड्यांवर श्रावणात तीज आणि होळीला लेंगी गायली जाते. आंध आदिवासींची वस्ती आहे. हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला आणि रावणदहन पाहायला गावोगावचे लोक लोटतात. म्हणजे कलेच्या दृष्टीने हा पट्टा दरिद्री नाही. मग येथील दलित माणसाच्या वाट्याला या कलाजीवनात कोणती जागा आली, हा प्रश्न उरतो.

आज या पट्ट्यातील, किंबहुना मराठवाड्यातील बहुतेक गावांत दोन सप्ताह नांदतात. एक अखंड हरिनाम सप्ताह. दुसरा एप्रिल महिन्यातला. ११ एप्रिल ही जोतीराव फुल्यांची जयंती आणि १४ एप्रिल ही बाबासाहेबांची. या दोन तारखांच्या आधारे वस्त्यांनी आपला उत्सव उभा केला आणि समाजकल्याण खात्यानेही ८ ते १४ एप्रिल हा सामाजिक समता सप्ताह म्हणून पाळण्याची प्रथा पाडली. दोन्हींत मांडव आहे, वर्गणी आहे, वक्ता आहे, गायन आहे, जेवण आहे. वरवर पाहता एकाची दुसऱ्यावर छाप पडलेली दिसते. प्रश्न असा की ही छाप नुसती मांडवापुरती आहे, की आतल्या मूल्यांपर्यंत पोचली आहे?

२

हरिनाम सप्ताहाचा दिवस पहाटेच्या काकड्याने सुरू होतो. मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरचे भजन, प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर हरिजागर. सातव्या किंवा आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. या सर्व काळात वीणा जमिनीवर ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात आणि एका हातातून दुसऱ्या हातात वीणा जात राहते. हा आकृतिबंध अत्यंत समर्थ आहे, हे मान्य केले पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला, माळ्याला, धनगराला शेकडो अभंग मुखोद्गत झाले ते या शाळेत. ताल, सूर, स्मरण आणि सभेत उभे राहण्याचे धाडस त्याला येथे मिळाले. मध्यम जातींच्या सांस्कृतिक आत्मविश्वासाचा मोठा भाग सप्ताहाने घडवला आहे.

पण ज्या शाळेने हे दिले, तिचा हजेरीपट कोणता होता? सप्ताहाची पत्रिका घ्यावी आणि कीर्तनकारांची नावे सोडून खालचा मजकूर वाचावा. पहाऱ्याची यादी, पंगतीच्या यजमानांची यादी, मृदंग, चोप, पाणी, सरपण. ज्याला गावाचा सामाजिक इतिहास लिहायचा आहे त्याला या यादीइतके प्रामाणिक साधन मिळणार नाही. ज्या हातांनी गावाची मेलेली जनावरे ओढली, वेशीवर जागल केली, दवंडी दिली, त्या हातांना वीणेच्या पहाऱ्यात जागा नव्हती. त्यांनी लांबून ऐकायचे, शेवटी उरलेला प्रसाद घ्यायचा. आज अनेक गावांत ही रीत उघडपणे पाळली जात नाही. वर्गणी सर्वांकडून घेतली जाते आणि पंगतही एकच असल्याचे सांगितले जाते. ते खरे असेल तेथे आनंदच आहे. पण वर्गणी घेणे आणि वीणा देणे यांत फरक आहे. पहिल्यात पैशाला शिवाशीव नसते. दुसऱ्यात माणसाचा प्रश्न असतो.

औंढ्याच्या देवळाची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकले, तेव्हा ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे परंपरा सांगते. कीर्तनकार ही कथा भक्तीचा महिमा म्हणून रंगवतात. तिच्यात दडलेली सामाजिक कबुली मात्र निसटते. एका शिंप्याला देवळासमोर गाण्याचा अधिकार नाकारला गेला होता, ही ती कबुली. कथेने उपाय शोधला तो चमत्काराचा. दगड फिरला, पण हटकणारे जागच्या जागी राहिले. त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी कथा करीत नाही.

ज्यांचा अधिकार शिंप्याहूनही खाली होता, त्या चोखोबांसाठी तर देऊळही फिरले नाही. चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंतीखाली सापडून मेले. त्या घटनेचा काळ १३३८ हा धरला जातो. वेठीला लावलेल्या माणसाचा हा मृत्यू. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या, असे परंपरा सांगते. पंढरपूरच्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, म्हणजे मधे सहाशे वर्षे गेली. या सहाशे वर्षांत चोखोबांचे अभंग कीर्तनात गायले जातच होते. अभंग आत होता आणि अभंगकर्त्याची जात बाहेर होती. सोयराबाई आणि कर्ममेळा यांच्या रचना गाथ्यात आहेत. कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला आहे. सप्ताहाच्या कीर्तनात निरूपणाला सहसा निवडली जाते ती शरणागती. जाब क्वचितच निवडला जातो. अभंगाची ही निवड वाङ्मयीन दिसते, पण ती सामाजिक आहे.

बाबासाहेबांनी या परंपरेकडे डोळसपणे पाहिले होते. 'द अनटचेबल्स' हा १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. म्हणजे संतांविषयी त्यांच्या मनात अनादर नव्हता. पण जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधावर गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना त्यांनी स्पष्ट केले, की संतांचा लढा देवासमोरच्या समतेचा होता. माणसामाणसांतल्या समतेचा तो झाला नाही, आणि म्हणून जातिव्यवस्थेला त्याने धक्का लागला नाही. हरिनाम सप्ताह हे या निष्कर्षाचे दरवर्षी होणारे प्रात्यक्षिक आहे.

३

लोककलांविषयी हळहळणाऱ्या अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीकडे पाठ फिरवली आहे. या भागात कला आणि जातीचे काम या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. हलगी-डफडे वाजवणारा मातंग लग्नाच्या वरातीपुढे, पोळ्याच्या बैलांपुढे आणि प्रेतापुढेही वाजवत होता. त्याच्या वादनात जे ताल आहेत त्यांची गुंतागुंत कुठल्याही मैफलीत मानाने बसेल अशी आहे. पण त्याला 'नको' म्हणण्याची मोकळीक नव्हती. वाजवले तर धान्य मिळायचे, न वाजवले तर बहिष्कार. ज्या कलेत कलावंताला नकार देता येत नाही, तिच्या सौंदर्याची चर्चा करताना नकाराचा हा अभाव कंसात टाकता येत नाही. पोतराजाने अंगावर ओढलेला कोरडा पाहून भारावणाऱ्या रसिकाने त्या कोरड्याखालच्या पाठीची जात कोणती, हेही लिहून ठेवावे.

महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर गावकीची हलकी कामे सोडण्याची हाक गावोगाव पोचली. अनेकांनी त्या कामांबरोबर वाजवणेही सोडले. त्यात एक कला सोडली गेली असे म्हणता येईल. माझ्या मते त्या दिवशी कलावंत जन्माला आला. 'मी वाजवणार नाही' असे जो म्हणू शकतो तोच उद्या स्वतःच्या इच्छेने वाजवू शकतो. दलित साहित्याने नकाराला जे मूल्य दिले, त्याचा पहिला उच्चार छापील कवितेत झालेला नाही. तो गावच्या वेशीत खाली ठेवलेल्या डफड्याने केला आहे.

४

नकारानंतर निर्मिती आली ती जलशाच्या रूपाने. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला आशय बदलला होता. गणातला गणपती त्यांनी गणांचा म्हणजे लोकांचा अधिपती केला. आंबेडकरी जलशाने यापुढचे पाऊल टाकले. १९३१ च्या सुमारास नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसा उभा केला. मंदिरप्रवेश, पाणवठा, मृत जनावराचे मांस, मुलींचे शिक्षण, दारू, धर्मांतर हे त्याचे विषय झाले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याची आठवण चळवळीत सांगितली जाते.

जलशाचे मोठेपण त्याच्या विषयांपुरते नाही. त्याच्या आकृतिबंधात प्रश्न विचारणारे पात्र आहे. बतावणीत एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा त्या उत्तराची खिल्ली उडवतो आणि प्रेक्षक मधेच बोलतो. कीर्तनात व्यासपीठावरच्याने सांगायचे आणि मांडवातल्याने माना डोलवायच्या असतात. कीर्तनकाराला मधेच थांबवून शंका विचारली तर ते औचित्यभंग ठरते. जलशात शंका हाच खेळाचा प्राण आहे. विनोद हे त्याचे हत्यार. भटजी, सावकार, पाटील यांच्याबरोबर स्वतःच्या वस्तीतला दारुडा आणि पुढारीही त्याच्या तावडीतून सुटत नसे. ज्या समाजाला हजार वर्षे ऐकण्याची शिक्षा झाली होती, त्याला विचारायला शिकवणारी ही रंगभूमी होती.

मराठवाड्यात या रंगभूमीला आणखी एक दिशा मिळाली. औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय सुरू केले. पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेल्या या महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक झाले. दलितांच्या युगायुगांच्या यातनेचा पट विद्यार्थ्यांनी रंगमंचावर मांडला. गावोगाव गायन पार्ट्या निघाल्या, कव्वालीचे सामने रंगले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखा कवी वस्त्यावस्त्यांतून फिरला आणि ज्यांच्या हाती पुस्तक पोचले नव्हते त्यांच्या ओठांवर विचार पोचला. मुंबई इलाख्यातील जलशांचा इतिहास स्वतः भीमराव कर्डकांनी १९७८ साली ग्रंथरूपाने दिला. त्याच १९७८ मध्ये, २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. या सोळा वर्षांत शाहिरी आणि गायन ही करमणूक राहिली नव्हती. जळालेल्या वस्तीत पुन्हा उभा राहिलेला मांडव हा पुनर्वसनाचाच एक भाग होता.

या गाण्याची किंमत आजही रक्ताने मोजावी लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांचे गीत वाजले, एवढ्या कारणावरून एका तरुणाचा खून झाला. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाला मारले गेले. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असे फिर्यादीत नोंदवले गेले. मराठीतल्या दुसऱ्या कुठल्या गीतप्रकाराला असे मोल द्यावे लागले आहे? भीमगीताचे मूल्यमापन करताना 'कारागिरी कमी, प्रचार जास्त' असा शेरा मारणाऱ्या समीक्षकाने हे ध्यानात घ्यावे. जे गीत ऐकून कुणी चाकू काढतो, त्या गीतात काहीतरी सांगितले गेले आहे हे निश्चित.

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज या संदर्भात आठवतो. विठ्ठलाची गाणी आणि भीमाची गाणी त्यांनी एकाच गळ्याने गायली. हरिनाम सप्ताहाच्या लाउडस्पीकरवरून आणि जयंतीच्या मांडवातून एकच आवाज ऐकू येतो. आवाजाला गावाने वेशीच्या आत घेतले. त्याच आवाजाने दुसरे गाणे म्हटले की वेशीवर तणाव होतो. कलावंत स्वीकारायचा आणि त्याची अस्मिता नाकारायची, ही रसिकता किती वरवरची आहे हे यावरून कळते.

५

इथवर जे लिहिले त्याने आपल्यापैकी कुणालाही बरे वाटेल. आता दुसरी बाजू.

एप्रिलचा सप्ताह आज अनेक ठिकाणी एका रात्रीवर आला आहे. ११ तारखेला हार घातला जातो, १३ च्या मध्यरात्री फटाके वाजतात, १४ ला डीजे लावून मिरवणूक निघते. वर्गणीचा मोठा भाग त्या एका संध्याकाळच्या भाड्यात जातो. जलसा नाही, एकांकिका नाही, वादविवाद नाही. व्याख्याता बोलावलाच तर त्याला पाहुण्यांच्या सत्कारानंतर उरलेला वेळ मिळतो. फ्लेक्सवर बाबासाहेबांपेक्षा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे मोठे असतात.

येथे एक काळजी घेतली पाहिजे. ध्वनिप्रदूषणाची आठवण ज्यांना फक्त १४ एप्रिललाच होते, त्यांच्या सुरात आपला सूर मिसळण्याचे कारण नाही. ज्या रस्त्यावरून बापजाद्यांना चप्पल हातात घेऊन जावे लागले, त्या रस्त्यावरून वाजतगाजत जाणे हा नागरिकत्वाचा उच्चार आहे. पुण्यात १४ एप्रिल १९२८ ला जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली सार्वजनिक जयंती केली. तेव्हाही रस्त्यावर येणे हेच तिचे सामर्थ्य होते. मिरवणूक हवी. माझा आक्षेप वेगळा आहे. डीजेपुढे नाचणारा तरुण पुन्हा ऐकणाराच झाला आहे. गाणे तयार, आवाज भाड्याचा, त्याच्या वाट्याला फक्त हातवारे. कीर्तनाच्या मांडवात मान डोलवणारा आणि डीजेपुढे अंग डोलवणारा, या दोघांनाही प्रश्न विचारण्याची सोय नाही. शत्रूच्या उत्सवातला दोष आपण मोठ्या आवाजात आपल्या उत्सवात आणला आहे.

यादीचा निकष आपल्यालाही लावला पाहिजे. जयंती मंडळाच्या यादीत किती बाया आहेत? मातंग, चर्मकार, भटके यांची घरे जयंतीत येतात, की बौद्ध वस्तीच्या जयंतीला एका बाजूला आणि अण्णा भाऊ साठ्यांच्या १ ऑगस्टच्या जयंतीला दुसऱ्या बाजूला अशी विभागणी झाली आहे? २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले होते, हे आपण भाषणात सांगतो. मग गावात दोन मांडव का? हलगीवाल्याला आपण मिरवणुकीपुढे मजुरीने चालवतो, की त्याला मंचावर बसवून त्याच्या तालाविषयी चार शब्द बोलतो?

बायकांच्या बाबतीत तर आपला सप्ताह करंटा ठरला आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात त्यांनी अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. शाळेत न गेलेल्या बायांनी धर्मांतर, शिक्षण, रमाई आणि भीमराव यांविषयीचे आपले आकलन दळता दळता रचले. ते कुणी शिकवलेले नव्हते आणि कुणाच्या आदेशाने गायलेले नव्हते. माजलगावात जे आहे ते सेनगाव-हिंगोलीच्या वस्त्यांत नसेल, असे मानायला आधार नाही. जाते बंद झाले आहे. ज्यांना ओव्या येतात त्या बाया म्हाताऱ्या झाल्या आहेत. आपल्या मांडवातून त्यांना माइक कधी दिला गेला? आपण जर दिला नाही, तर वीणा न देणाऱ्यांना बोल लावण्याचा आपला अधिकार तेवढा कमी होतो.

वर्षावासात आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पुष्कळ ठिकाणी ते बायाच चालवतात. येथे एक शक्यता दिसते. पण तेही नुसते पारायण झाले तर काय साधणार? ज्या ग्रंथात शंका विचारण्याला मान आहे, तो ग्रंथ निःशंकपणे ऐकला जाणे हा त्या ग्रंथाचा पराभव आहे.

६

तेव्हा समीक्षेला येथून काही निकष मिळतात. सप्ताह कुठलाही असो, त्याला चार प्रश्न विचारावेत. मंचावर कोण आहे आणि मंचाखाली कोण? जो कलावंत आहे त्याला नकार देण्याची मोकळीक आहे काय? ऐकणाऱ्याला मधेच बोलता येते काय? आणि आठव्या दिवशी गावातल्या एका तरी माणसाची जागा पहिल्या दिवसापेक्षा बदलली काय? या निकषांवर हरिनाम सप्ताह बहुतांशी नापास होतो. आपला सप्ताह जलशाच्या काळात उत्तीर्ण झाला होता. आज त्याची फेरपरीक्षा आहे.

पुसेगावच्या परिसरातील एखाद्या शाळाशिक्षकाने, नांदेडच्या विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर फार साधने लागणार नाहीत. ११ ते १४ एप्रिल असे चार दिवस आहेत. एका रात्री म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, कुणीतरी त्या वहीत उतरवून घेईल. एका रात्री हलगी, वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या इच्छेने आणि रीतसर मानधन देऊन. तांड्यावरचे लेंगी गाणारे आणि आंध वाडीवरचे दंडारवालेही त्या मांडवात पाहुणे म्हणून नव्हे, भागीदार म्हणून यावेत. एका रात्री नव्याने लिहिलेली बतावणी, आणि तिचा विषय आपल्याच गावचा असावा: रेशन, शिष्यवृत्ती, स्मशानभूमीचा रस्ता, उसतोडीला गेलेल्यांच्या मुलांची शाळा. चौथ्या दिवशी मिरवणूक. वर्गणीचा हिशेब मांडवातच वाचून दाखवावा.

बतावणीत कुणी मंडळाच्या अध्यक्षालाच अडचणीत आणणारा प्रश्न विचारला तर अध्यक्षाने रागावू नये. ज्या दिवशी आपल्या मांडवात आपल्याच माणसाला प्रश्न विचारता येईल, त्या दिवसापासून वीणा कुणाच्या हाती आहे याची आपल्याला फिकीर करावी लागणार नाही.